आरमार दाभोळला थांबले

दोह्यात सोळा वर्षं काढली, पण रमीज होडेकरला तोवर कुणी मीटिंगच्या टेबलाशी बसवलं नव्हतं. प्रदर्शनांचे फलक तयार करणाऱ्या एका कंपनीत तो छपाईचं काम बघायचा. मजकूर दुसऱ्यांनी लिहायचा, चित्रं दुसऱ्यांनी निवडायची. रमीजने अक्षरं सरळ आहेत ना, रंग फिका पडत नाही ना, एवढं बघून फलक भिंतीवर चढवून द्यायचे. त्यामुळे त्या खासगी गॅलरीच्या मॅनेजरने, दानियाल साहेबांनी, "यू ऑल्सो सिट, रमीज," म्हणून खुर्ची पुढे केली, तेव्हा तो आधी इस्त्रीचा शर्ट सावरत उभाच राहिला आणि मग कडेला टेकला.

प्रदर्शन होतं पाचशे वर्षांपूर्वी युरोपातून निघालेल्या दर्यावर्द्यांचं. जुने नकाशे, होकायंत्रं, पितळी तोफा असं सगळं सामान युरोपातल्या एका संस्थेकडून उसनं यायचं होतं. चौदा फलकांचा मजकूर गौरी आंबेकर नावाच्या मुलीने लिहिला होता. ती नाशिकची, इतिहास शिकलेली, वर्षभराच्या करारावर आलेली. संस्थेचा माणूस समोरच्या पडद्यावरून बोलत होता. आठ फलक बिनबोभाट पास झाले. नवव्याला तो अडला.

नववा फलक दाभोळचा होता. गौरीने लिहिलं होतं: "१५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज आरमाराने कोकण किनाऱ्यावरचं दाभोळ बंदर लुटलं आणि जाळलं. बायका-मुलांनाही सोडलं नाही, हे त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. मेलेल्यांची नावं कुणीही लिहिली नाहीत."

पडद्यावरचा माणूस सौम्यपणे म्हणाला की मजकूर खोटा नाही, पण सूर जड होतो. शाळांची मुलं येणार. शिवाय तिथल्या लोकांना हे आज इतकं महत्त्वाचं वाटतं का, हेही बघायला हवं.

"आमचा रमीज तिथलाच आहे," दानियाल साहेब हसून म्हणाले आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. "दाभोळचाच ना तू? सांग बरं, लोकांना आठवतं हे?"

रमीजच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सोळा वर्षांत त्या दर्जाच्या खोलीत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे हसऱ्या चेहऱ्याने बघत होते आणि त्यांना कोणतं उत्तर हवं आहे, ते लहान मुलालाही कळलं असतं.

"नो सर," तो म्हणाला. "नोबडी रिमेंबर्स. आमच्याकडे लोक आंब्याच्या भावाचं बोलतात, नाहीतर फेरीबोटीचं."

टेबलाभोवती हशा पिकला. पडद्यावरच्या माणसाने आभार मानले. गौरी तेवढी हसली नाही. तिने एकदा रमीजकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी खोडलं. पंधरा मिनिटांत नवं वाक्य ठरलं: "डिसेंबर १५०८ मध्ये आरमार दाभोळला थांबले आणि तिथून दीवकडे निघाले."

चार दिवसांनी गौरी शेवटची फाइल घेऊन इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपवर आली. मशीनचा आवाज चालू होता, म्हणून जरा मोठ्याने, पण मराठीत, तिने विचारलं, "रमीजभाई, खरंच कुणाला आठवत नाही?"

"खलास झालं ते, मॅडम," रमीज म्हणाला. "पाचशे वर्षं झाली."

तिने फाइल दिली आणि ती गेली. प्रदर्शन उघडायच्या आधीच तिचा करार संपला आणि ती नाशिकला परतली.

आता खरी गोष्ट अशी की रमीजला आठवत होतं. त्याच्या घराइतकं ते दाभोळमध्ये दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल की नाही, देव जाणे. दर वर्षी थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्याची मैमुना फुफी, म्हणजे बापाची थोरली बहीण, गूळ-नारळाचा भात शिजवायची आणि खाडीच्या काठावर बसून फातिहा पढवायची. कुणाच्या नावाने, तर फिरंग्यांनी जाळलेल्यांच्या. हे तिला तिच्या आजीने शिकवलं होतं, आजीला आणखी कुणी. भाताचं टोपलं डोक्यावरून न्यायचं काम लहानपणी रमीजकडे असायचं. एकदा त्याने विचारलंही होतं की नावंच माहीत नाहीत तर दुवा पोचते कशी. फुफी म्हणाली होती, "नावा ठाव नाय म्हणून ते मेले नाय काय रे?"

हे सगळं माहीत असताना तो त्या खोलीत तसं बोलला होता. नंतर त्याने मनाला समजावलं की एका वाक्याने काय होतं, कोण वाचतं असले फलक. समजूत बऱ्यापैकी पटलीही होती. नववा फलक त्याने स्वतःच्या हाताने पाणसळ लावून भिंतीवर चढवला.

नोव्हेंबरात मैमुना फुफी तीन महिन्यांच्या व्हिसावर दोह्याला आली. मूलबाळ नसलेली बाई. रमीजला तिनेच अर्धाअधिक वाढवलेला. मन्सूरा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिच्या येण्याने रमीजच्या बायकोला, सुगराला, माहेर आल्यासारखं झालं. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला, माहिराला, फुफीची भाषा कळायची, पण उत्तर ती इंग्रजीतच द्यायची. फुफी म्हणायची, "बोल बोल, मना तुजा तोंड बगून समाजता."

एका गुरुवारी माहिरा शाळेतून उड्या मारतच आली. त्यांच्या वर्गाला प्रदर्शनाला नेलं होतं. वर्कशीटवर तीन ठिकाणांची नावं लिहायची होती, जिथे दर्यावर्दी गेले. तिने पहिलं नाव लिहिलं होतं दाभोळ, आणि पुढे कंसात 'माय व्हिलेज'. बाईंनी सगळ्या वर्गाला ते वाचून दाखवलं होतं.

"काय म्हणता ही?" फुफीने विचारलं.

सुगराने कौतुकाने सांगितलं, "आपल्या दाभोळचा बोर्ड लागलाय तिथे. यांनीच बनवलाय."

फुफी उठून पुढे आली. मग म्हणाली, "आपला दाभोळ? हितं? मना न्ये रमीज. मना बगाचाय."

रमीजने टाळून पाहिलं. गर्दी असते म्हणाला, लांब आहे म्हणाला, तुझे गुडघे दुखतील म्हणाला. फुफीने शुक्रवारच्या नमाजनंतर धुतलेलं लुगडं नेसलं आणि पिशवी घेऊन दाराशी बसून राहिली. माहिरा बरोबर निघाली. सुगरा मागे राहिली.

गॅलरीत थंडगार होतं आणि फारसं कुणी नव्हतं. फुफी पितळी तोफेपाशी क्षणभर थबकली, तिला हात न लावता पुढे गेली. नवव्या फलकासमोर माहिराने तिला उभं केलं आणि बोटाने नाव दाखवलं. फुफीला इंग्रजी येत नव्हतं. तिने नुसता पदर डोक्यावर नीट घेतला.

"वाच, बाबा," ती म्हणाली. "काय लिवलानी?"

रमीजने फलकाकडे पाहिलं. अक्षरं स्वच्छ होती, काळीभोर, आपणच छापलेली. आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते त्या अक्षरांत नव्हतं. गौरीचा खोडलेला मजकूर त्याला शब्दन् शब्द पाठ होता. तो वाचल्यासारखं करत म्हणत गेला: बंदर लुटलं, जाळलं, बायका-मुलांना सोडलं नाही, मेलेल्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

फुफीच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. "लिवलानी," ती म्हणाली. "माज्या आजीला आज सांगाला पायजे होता. लिवलानी गो माहिरा, बगलास? तुज्या बापाने लिवलान."

माहिरा बापाकडे बघत होती. ती हळू आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "अब्बा, तिथे असं लिहिलेलं नाहीये."

"गप्प बस," रमीज म्हणाला.

"पण तिथे फक्त थांबले असं लिहिलंय. थांबले आणि पुढे गेले."

शब्द इंग्रजी होते, पण फुफीला खरंच तोंड बघून समजायचं. तिने माहिराचं तोंड पाहिलं आणि मग रमीजचं. रमीजला वाटलं, त्याच्या अंगावरचे कपडे कुणीतरी भर चौकात उतरवलेत.

"खरा काय लिवलाय?" फुफीने विचारलं.

त्याने सांगितलं.

"आनि तू वाचलास ता?"

"ते आधी लिहिलं होतं. एका मुलीने. मग काढलं."

"कोणी काढलान?"

खोटं बोलायला अजून वाव होता. साहेबांनी काढलं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंच होतं. पण माहिरा समोर उभी होती. "मला विचारलं," रमीज म्हणाला. "दाभोळात कुणाला हे आठवतं का म्हणून. मी म्हटलं, कुणाला नाही."

फुफी भिंतीकडच्या बाकावर बसली. बराच वेळ पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली.

"मग मी कोन रे?" ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी कोनीच नाय?"

घरी आल्यावर फुफीने सुगराला सांगितलं की पाय दुखतात, आणि ती आत जाऊन पडली.

रविवारी सकाळी रमीज गॅलरीत गेला. दानियाल साहेबांनी चहा मागवला. रमीजने सगळं सांगितलं: आपण खोटं बोललो, लोकांना आठवतं, निदान आपल्या घरात तरी आठवतं, तो फलक जुन्या मजकुराने पुन्हा छापू द्या, छपाई आपण आपल्या वेळात करून देऊ.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने लॅपटॉप फिरवून त्या मीटिंगची टिपणं दाखवली. तिथे इंग्रजीत ओळ होती: 'फलक नऊ: स्थानिक समाजाचं मत घेतलं. श्री. होडेकर, दाभोळ. हरकत नाही.'

"संस्थेने याच ओळीवर सही केलीय," साहेब म्हणाला. "आता मी त्यांना काय सांगू? समाजाने मत बदललं?"

रमीज ती ओळ वाचत राहिला. त्याला मिस्टर कुणी म्हणत नसे. म्हटलं होतं ते इथे.

"तेवढी ओळ तरी काढा," तो म्हणाला.

"टिपणं बदलता येत नाहीत. तू मेल लिही. मी फाइलला जोडतो. पण तुझ्या मालकाला कॉपी जाणार, विचार कर."

रमीजने तिथेच रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून मोबाइलवर मेल लिहिला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. दुरुस्त करायला कुणाकडे नेलं नाही. त्याने लिहिलं की मला विचारलं तेव्हा मला माहीत होतं, आणि मी नाही म्हणालो. मी दाभोळच्या वतीने बोलायचा माणूस नव्हतो. त्या आठवड्यात मालकाने बोलावून घेतलं, गिऱ्हाइकासमोर कंपनीची शोभा केलीस म्हणाला, आणि त्याला गॅलरीच्या कामावरून काढून दुखानला तेल कंपनीच्या वसाहतीत रस्त्यांच्या पाट्या लावायला पाठवलं. येता-जाता रोज दोन-अडीच तास गाडीत जायचे. फलक होता तसाच राहिला.

गौरीचा नंबर त्याच्याकडे होता. फोन लावायला त्याला तीन दिवस लागले.

"माझ्यामुळे तुमचं वाक्य गेलं, मॅडम," तो म्हणाला. "मला माहीत होतं सगळं. आमची फुफी दर वर्षी त्यांच्या नावाने फातिहा पढवते, ती आता इथे आलीय."

"तुमचा राग नव्हता असं म्हणणार होते," गौरी म्हणाली. "पण होता. मला वाटलं होतं, त्या खोलीत एक तरी माणूस माझ्या बाजूने बोलेल. तुम्ही आहात म्हणून मला धीर आला होता."

"माफ करा."

"मी माफ करून काय होतंय? पण तुमच्या आत्याशी बोलता येईल का मला? माझं लिहिणं थांबलेलं नाही."

गॅलरीतून आल्यापासून फुफी रमीजशी कामापुरतंच बोलत होती. गौरीचं नाव ऐकल्यावर तिने फोन घेतला आणि तासभर बोलली. आजीने काय सांगितलं, आजीच्या आजीने काय सांगितलं, खाडीचा कोणता काठ, भात कसा करायचा, सगळं. मध्येच तिने फोन रमीजपुढे धरला. "हा पन टोपला न्ह्यायचा. ह्याला पन पुसा," ती म्हणाली. रमीजने फोन घेतला आणि जे त्या टेबलाशी सांगायला हवं होतं ते स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं. सुगरा कांदा चिरायची थांबली. सोळा वर्षांच्या संसारात तिने हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

माहिरा दाराशी उभी होती. फोन झाल्यावर तिने विचारलं, तिच्या वर्कशीटचं काय करायचं. बाईंनी ते वर्गाच्या भिंतीवर लावलं होतं.

"मी बाईंना चिठ्ठी देतो लिहून," रमीज म्हणाला.

"नको. मीच सांगते."

"काय सांगशील?"

ती जरा घुटमळली. मग मराठीत, शब्द जुळवत म्हणाली, "की थांबले नव्हते. जाळलं. आणि ते चुकीचं कसं लिहिलं गेलं, तेपण. तुम्ही म्हणत असाल तर तुमचं नाव नाही घेणार."

रमीजला वाटलं, घेऊ नको म्हणावं. वर्गातल्या पोरांचे आईबाप त्याला ओळखत होते. शुक्रवारी मशिदीत भेटायचे, ईदला घरी यायचे.

"घे नाव," तो म्हणाला.

सोमवारी दुखानहून परतताना त्याने माहिराला शाळेनंतरच्या क्लबवरून घेतलं. ती पाठीमागे बसली, पट्टा लावला. तो काही विचारेना, तेव्हा तिनेच सांगितलं की बाईंनी तिला पुढे बोलावलं होतं आणि विचारलं की गॅलरीतला बोर्ड चुकीचा आहे हे तुला कसं कळलं.

"मग?"

"मी म्हटलं, माझ्या अब्बांनी बनवलाय तो."

पुढे सिग्नल लाल होता. रमीजने आरशात पाहिलं नाही.