पेटीवरचं नाव

"सकाळधरनं बसलोय, घोटभर चहा नाय," माझ्या पाठीमागं वस्तीतली म्हातारी चिमणाबाई कुरकुरली. "शेजारपाजारच्यांनी तरी आणायचा. पण आणायचा कोणाच्या दारात?"

तिचं बरोबर होतं. मयताच्या घरात चूल पेटत नाही, चहा-भाकरी शेजारी पोचवतात. पण आमच्या ओट्याला दारं दोन. एकात मी आणि माझा नवरा जयराम राहायचो. दुसऱ्यात थोरले दीर धोंडीरामदादा, त्यांची बायको सुलाबाई आणि सासू. मयत कुठल्या दारातलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. म्हणून दोन्ही दारं उपाशी.

माहीत सगळ्यांना होतं म्हणा. गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. आज जिथं इंदिरानगर झालंय त्या अंगाला तेव्हा आमचे शेवंतीचे मळे. धोंडीरामदादा नळाचं काम शिकलेले. मस्कतच्या एका कंपनीत त्यांचं ठरलं, पासपोर्ट आला, वस्तीनं हार घातले. आणि ऐनवेळी दादांनी कच खाल्ली. रात्रभर संडासाला पळाले आणि सकाळी म्हणाले, "जयराम जाईल. मिशा माझ्यासारख्याच हायेत. फोटो बघून साहेबाला काय कळतंय?"

जयरामला नळाची चावी उजवीकडं फिरवायची की डावीकडं, तेही धड कळत नव्हतं. पण विमानात बसायची हौस भारी, आणि थोरल्या भावाचा शब्द मोडायची सवय नाही. गेला धोंडीराम होऊन. तिथं कोणी हाक मारली तर ओ द्यायला उशीर होतो, सगळे मला बहिरा समजतात, असं त्यानं कळवलं होतं. मी हसले होते.

मग तार आली. धोंडीराम परांचीवरून पडून वारला. पोस्टमनकडून ती घेतली दादांनी. स्वतःच्या मरणाची तार स्वतः सही करून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याच दिवशी दादा माळ्यावर चढले. तिथल्या लोकांनी तिथंच माती द्यावी, आपण निफाडला मेव्हण्याकडं काही महिने काढावेत, मग नावात घोटाळा झाला म्हणावं, असा त्यांचा बेत. पण निघायचं धाडस होईना, माळ्यावरच राहिले. सासूबाई, नवसाबाई त्यांचं नाव, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "विमल, कुंकू पुसू नको. मोठ्यानं रडू नको. पोलीस इचारतील जयराम कुठंय. एक गेला माझा, दुसरा तुरुंगात जाईल."

"आणि मी, आत्याबाई?"

त्या माझ्याकडं न बघता लसूण सोलत राहिल्या.

रोज सकाळी मी आरशासमोर बसून मेलेल्या नवऱ्याच्या नावानं कुंकू लावायची. बाजारात शेवंती विकायची, गिऱ्हाईकाशी हसायची. आणि रोज मनात म्हणायची, हे कुंकू मी ह्याच घरातल्या कोणाला तरी चारचौघांत पुसायला लावीन. असं ठरवलं की मग भाकरी घशाखाली उतरायची.

पण मला जयरामला घरी आणायचंच होतं. त्याची पेटी आणायची तर वकिलातीला मयताच्या बायकोची संमती हवी होती. कागदावर बायको सुलाबाई. मी तिला गोठ्यामागं गाठली. "ताई, सही करा. नाहीतर मी चौकीत जाऊन माळ्यावर कोण हाय ते सांगते." ती बिचारी माझ्याबरोबर कचेरीत आली, कुंकू पदराआड लपवून. तिथं भीतीनं तिला जे रडू फुटलं, ते कारकुनाला पोटातलं वाटलं. मला म्हणाला, "बाई, तुम्ही धाकट्या जाऊबाई ना? सांभाळा त्यांना. आभाळ कोसळलंय त्यांच्यावर."

सांभाळलं. पाठीवरून हात फिरवला. नवरा माझा मेला होता आणि सांत्वन मी करत होते.

आता दुपारी द्वारका चौकातून वळून टेम्पो आला. मुंबईला पेटी आणायला माझा चुलतदीर सावळीराम गेला होता. लाकडाची, पत्रा मारलेली लांबलचक पेटी. त्यानं खाली उतरून इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कुठल्या दारात उतरवू?"

चाळीसेक माणसं जमलेली, पण जो तो आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होता.

"वाचता येतं ना तुला?" मी म्हणाले. "वरचं नाव वाच, आणि त्याच्या दारात उतरव."

"वहिनी..."

"वाच."

"धोंडीराम," तो हळूच म्हणाला.

पेटी सुलाबाईच्या दारात टेकली. आमच्यात बांगड्या फोडायचं काम जुन्या विधवा बाईकडं असतं, वस्तीत ते चिमणाबाईकडं. मी वळून तिला म्हणाले, "चिमणाबाई, बसलात काय? उठा, तुमचं काम करा."

"अगं विमल, कोणाच्या..."

"पेटीवर ज्याचं नाव, त्याच्या बायकोच्या. सरकारी शिक्का हाय."

चिमणाबाईनं सुलाबाईचा हात धरला. धरावाच लागला, नाहीतर जे सगळे टाळत होते ते तिला बोलावं लागलं असतं. हिरव्या बांगड्या, संक्रांतीला आम्ही दोघींनी एकाच कासाराकडं भरलेल्या. सुलाबाईनं आतल्या जिन्याकडं बघितलं. वर माळ्याची फळी करकरली. एकदाच.

नवरा उतरेल, उतरेल म्हणून ती वाट बघत राहिली. मीही बघत होते. माझा सगळा सूड त्या जिन्यावर टांगलेला होता. दादांनी खाली यावं, चारचौघांत तोंड उघडावं. ते आले नाहीत. सुलाबाईचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. थोडं वाटलंही, खोटं कशाला बोलू.

मग तिनं दुसराही हात पुढं केला.

"फोडा," ती म्हणाली. "वर बसलाय त्याची बायको असण्यापरीस इधवा बरी."

चिमणाबाईनं पाटा ओढला. तेवढ्यात नवसाबाई उठल्या. गुडघे धरून, पेटीला टेकत. पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला, ताप बघावा तसा, आणि तिथंच ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"सोड तिचा हात, चिमणे. धोंडीराम जिता हाय, माळ्यावर लपलाय. ह्यात माझा जयराम हाय. मीच गप बसवलं सगळ्यांना. आता विमलला रडू द्या."