पाणी कुणाच्या दारात

टेलरबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या त्या गटारापायी. दुसरं काहीही कारण नव्हतं. त्यांच्या गल्लीच्या वळणावर जरा जोराचा पाऊस झाला की पोटरीएवढं पाणी तुंबायचं. वळण आंधळं, खांबावरचा दिवा कायमचा झोपलेला, आणि मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या जवळची वाट म्हणून नेमक्या तिथूनच सुसाट निघायच्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका त्या पाण्यात एका गाडीला चुकवताना पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. आया चांगल्या थोराड पोरांनाही कडेवर घेऊन वळण ओलांडायच्या. नगरपालिकेत सगळी गल्ली जाऊन आली. प्रत्येकाला बसायला खुर्ची मिळाली, पुढची तारीख मिळाली. पाणी मात्र जागचं हललं नाही. तेव्हा लोकांनी ठरवलं की आपलंच माणूस आत पाठवायचं.

"मला चार लोकांत बोलता येत नाही," बाई म्हणाल्या.

"गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला," काका खाटेवरून म्हणाले. "फक्त 'उद्या या' म्हणू नका, म्हणजे झालं."

बाई शाळेचे गणवेश आणि पडदे शिवायच्या. नवरा बस चालवायचा. दिवसभर हॉर्न ऐकून आल्यावर घरात तोंड उघडायचा नाही. बाई निवडून आल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मशीनवर कापड टाकून ठेव, धूळ बसेल."

सगळ्यात जास्त खूश झाले ते भाऊजी. भाऊजी म्हणजे बाईंच्या मोठ्या बहिणीचे यजमान, पोस्टमन. ताई आणि भाऊजी उताराच्या पायथ्याशी, खालच्या गल्लीत राहायचे. मेव्हणीची फिरकी घ्यायची एकही संधी ते सोडत नसत. "आमची पँट कमरेत घट्ट झालीये," ते हात जोडून म्हणाले. "ती सैल करायला आता सभागृहाची मंजुरी लागेल का हो, मॅडम?" ताईने त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघी बहिणी पोट धरून हसल्या.

सभागृहात बाईंनी वळणाचा विषय काढला की अध्यक्ष मान डोलवायचे आणि म्हणायचे, "प्रशासनाने नोंद घ्यावी." प्रशासन नोंद घ्यायचं. एक पावसाळा असाच गेला. मग एक दिवस नगरपालिकेचे इंजिनीअर, निवृत्तीला टेकलेला, चेहऱ्यावर कायम झोप असलेला माणूस, बाईंना बाजारात घेऊन गेले आणि कापडाच्या दुकानांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"मोठं गटार याच्या खाली आहे. त्याच्यावर दुकानं चढली. खालून ते गाळाने भरलंय आणि उघडायचं तर दुकानं पाडावी लागतील. कोर्टात केस पडलीये. यातली काही दुकानं कुणाची, ते तुम्हाला सभागृहात समोरच दिसतं. घसाच आवळलाय, बाई. वरून कितीही औषध ओता."

"मग काहीच होणार नाही?"

"एक होईल. तुमच्या वळणापासून पाइप टाकून पाणी खालच्या गल्लीकडे वळवता येईल."

"तिथून पुढे कुठे जाईल ते?"

"वीटभट्टीपलीकडे मोकळी जमीन आहे. निघून जाईल."

"नक्की?"

इंजिनीअरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "नकाशात तरी निघून जातं," ते म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. घरी आल्यावर ताईकडे जाऊन सांगावं असं त्यांच्या मनात आलं, आणि काय सांगायचं हे न सुचल्यामुळे त्या गेल्या नाहीत. सभेत प्रस्ताव आला तेव्हा दुकानांना धक्का लागत नव्हता म्हणून कुणाचाच विरोध नव्हता. सगळ्यांनी हात वर केले. बाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

काम झपाट्याने झालं. खांबावर दिवा लागला, वळणाच्या अलीकडे गतिरोधक आला, त्यावर पांढरे पट्टे मारले गेले. पुढच्या पावसात अख्खी गल्ली दारात उभी राहून वळणाकडे बघत होती. पाणी आलं, जाळीशी जरा गिरकी घेतली आणि गेलं. काका वॉकर टेकत वळणापर्यंत आले आणि तिथे बराच वेळ नुसते उभे राहिले. एका आईने बाईंना मिठीच मारली. बाई रडल्या. इतकं सरळ समाधान त्यांना कधी कशात मिळालं नव्हतं.

खालच्या गल्लीत थोडं पाणी येतं असं ताई एकदा म्हणाली होती. "येतं नि ओसरतं," भाऊजी मध्येच म्हणाले. "आमच्या मेव्हणीने पाठवलेलं पाणी आहे, आदर करायला शिका."

मोठा पाऊस आला तो सकाळी, लोक कामाला निघायच्या वेळेला. वरचं सगळं पाणी पाइपातून खाली धावलं आणि खालच्या गल्लीतल्या चेंबरचं झाकण त्या जोराने उचकटून वाहून गेलं. वरून काही दिसत नव्हतं, सगळीकडे एकच गढूळ पाणी. भाऊजी पोस्टात निघाले होते. सायकल हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते भिंतीच्या कडेकडेने चालले होते. समोरच्या दुकानदाराने त्यांना हाक मारली, "थांबा हो जरा, कमी होईल!" त्यांनी मागे वळून हात हलवला आणि पुढचं पाऊल टाकलं. सायकल आडवी झाली. दुकानदाराला वाटलं, उठतील. ते उठलेच नाहीत.

दुपारी पाणी उतरल्यावर वीटभट्टीजवळच्या गटाराच्या जाळीपाशी ते सापडले.

बाई पोचल्या तेव्हा घर शेजाऱ्यांनी भरलेलं होतं. जमिनीवर चिखलाचा थर होता, आणि एक बाई तो उगाचच खराट्याने इकडून तिकडे लोटत होती. ताई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्याजवळ बसायला वाकल्या.

"तुझ्या गल्लीचं पाणी होतं ना ते?" ताईने विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"इंजिनीअर म्हणाले होते, पुढे निघून जाईल."

"मी इंजिनीअरला विचारत नाहीये."

ताईने तोंड फिरवलं. भाच्याने पुढे येऊन हलक्या आवाजात सांगितलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा."

पुढच्या सभेत श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या, बसले. अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला तेव्हा बाई उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, पाइप बंद करा आणि बाजारातली दुकानं हलवा. बोलताना आवाज चिरकला. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

ही बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली. संध्याकाळी लोक घरी आले. ज्यांनी त्यांना उभं केलं होतं तेच सगळे. काकासुद्धा वॉकर टेकत आले होते.

"पाइप बंद केला तर पाणी परत आमच्या दारात," मिठी मारणारी ती आई म्हणाली.

"माणूस गेलंय," बाई म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा नवरा गेलाय."

"वाईटच झालं. पण उद्या माझं पोर गेलं तर?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी वॉकरच्या मुठीवरचं रबर नखाने खरवडायला घेतलं. "मी काय सांगणार?" ते म्हणाले. "मला पुन्हा पडायचं नाही, एवढंच मला कळतं."

सगळे गेल्यावर नवरा जेवता जेवता म्हणाला, "त्यांचं काही चूक नाही."

"मग कुणाचं?"

तो जेवत राहिला.

थोड्या दिवसांनी भाचा आला. मागे ताई होती. तिने उंबरठा ओलांडला नाही. भाच्याने सांगितलं की खालच्या गल्लीच्या नगरसेवकाने तोडगा काढलाय: पाइप आणखी लांबवायचा, वीटभट्टीच्या पलीकडे सोडायचा. सभेत प्रस्ताव येणार आहे.

"तिथे वस्ती झालीये आता," बाई म्हणाल्या.

"वस्ती कसली, मावशी? चार पत्रे आहेत."

"पत्र्यांखाली माणसं आहेत."

"असतील. आपली नाहीत."

ताई दारातूनच म्हणाली, "एवढं तरी कर."

त्या दिवसानंतर ती बाईंशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोलली ती एवढंच.

सभेच्या दिवशी ताई मागच्या बाकावर येऊन बसली. प्रस्ताव वाचला गेला. सगळे हात वर गेले. बाईंनी दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवून ठेवले. प्रस्ताव मंजूर झाला. बाईंनी वळून पाहिलं तेव्हा ताई निघून जात होती.

"तुमचा हात वर गेला असता तरी तेच झालं असतं," जिन्यात इंजिनीअर म्हणाले.

"मग मी हात वर न करून काय केलं?"

इंजिनीअरांनी नकाशाची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली आणि ते एक एक पायरी जपून उतरत गेले.

बाई वस्तीत गेल्या तेव्हा खोदाईचं मशीन वीटभट्टीजवळ येऊन उभं होतं. पत्र्याच्या खोल्यांच्या मागे रेल्वेचा उंच भराव. त्याच्यापुढे पाण्याला जायला कुठेच वाट नव्हती. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. टेलरबाईंना पाहून ती चिमटे हातात घेऊनच पुढे आली.

"तुम्ही नगरपालिकेच्या ना? कालपासून मशीन आलंय. रस्ता होणार ना आमचा? पोरं नुसती नाचतायत."

टेलरबाईंनी तिला सगळं सांगितलं. रस्ता नाही, पाइप आहे, आणि वरच्या दोन गल्ल्यांचं पाणी त्यातून इथे येणार आहे. ती बाई आधी हसली. मग तिने भरावाकडे पाहिलं.

"आमचा मेंबर कोण? कुणाकडे जायचं आम्ही?"

ही जमीन कुठल्याच वॉर्डात धरलेली नव्हती. "पाऊस लागला की मुलांना बाहेर सोडू नका," त्या म्हणाल्या. "सामान उंचावर ठेवा."

"उंचावर म्हणजे कुठे?" त्या बाईने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

टेलरबाईंनी दारातून आत पाहिलं. जमिनीवर अंथरुणाची वळकटी होती, शेगडी होती, डबे होते. सगळं जमिनीवरच होतं.