परक्याचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी परात आहे. तांब्याची, चार बोटं उभ्या काठाची, आणि खरं सांगायचं तर दोन ठिकाणी पोचे पडलेली. आमच्या डोंगरात परातीत कणीक मळत नाहीत, पोळी भाजतात. पापुद्र्यावर पापुद्रा घालायचा, मध्ये शेळीच्या दुधाचं चीज भरायचं आणि अख्खी परात भट्टीत सारायची. आज मी ज्या खिळ्याला लटकते आहे, तो माझा पहिला खिळा नाही. पहिला खिळा एवान्थियाच्या स्वयंपाकघरात होता. तिथून मी इथवर कशी आले, ते सांगते.

माझा जन्म यानिना शहराच्या तांबटआळीतला. माझ्या तांबटाचा हात जड होता, त्याच्या हातोडीचे घाव माझ्या तळाला अजून दिसतात. एवान्थियाच्या सासूबरोबर मी खेचराच्या पाठीवरून या गावात आले. पुढे एवान्थिया सून म्हणून आली, तेव्हा मी त्या घरात तिच्यापेक्षा जुनी होते. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! लग्न कुणाचंही असो, परात आमच्या घरची जायची. मग अल्युमिनियमची हलकी तबकं आली. ती घासायला सोपी, उचलायला सोपी, आणि कल्हईची कटकट नाही. मी खिळ्यावर गेले. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस भिंतीकडे तोंड करून राहायचं आणि एक दिवस खाली उतरायचं. मला राग येत नव्हता असं मी मुळीच म्हणणार नाही.

तो एक दिवस म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस, संत वसिलीचा. त्या दिवशीची पोळी माझ्यातच भाजायची, आणि तिच्यात एक नाणं लपवायचं. दुपारी सगळं घर भोवती उभं राहतं. घरातलं मोठं माणूस सुरीनं पोळीवर तीनदा क्रूस काढतं आणि नाव घेऊन एकेक वाटा कापतं. पहिला ख्रिस्ताचा, दुसरा त्याच्या आईचा, तिसरा घराचा. मग वयाप्रमाणे एकेक माणूस. आणि सगळ्यात शेवटी परक्याचा. ज्याच्या वाट्यात नाणं निघेल, त्याला ते वर्ष भाग्याचं.

माझ्या उमेदीच्या काळात परक्याचा वाटा कधी उरला नाही. कुणी ना कुणी दारात यायचंच. खेचरवाले यायचे, सुया-दोरे विकणारे यायचे. एका वर्षी बर्फात अडकलेला कल्हईवाला आला. त्यानं वाटा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी मला फुकट कल्हई करून दिली. अशी लख्ख, की एवान्थियानं माझ्यात बघून केस विंचरले होते.

पुढे खालून मोटारीचा रस्ता झाला आणि वरची पायवाट सुनी पडली. परका येईनासा झाला. मग वाटा जायचा कोंबड्यांना. कितीतरी वर्षं आमच्या कोंबड्यांनी परक्याचं पुण्य खाल्लं आणि अंडी मात्र तेवढीच दिली.

मधे फक्त एकदा खरा परका आला. पलीकडच्या देशातलं सरकार कोसळलं, त्या हिवाळ्यात माणसं डोंगर ओलांडून आमच्याकडे यायला लागली. नव्या वर्षाच्या दिवशी असाच एक जण अंगणात उभा राहिला. वय एकोणीस-वीस, पायात दोन वेगळे बूट. एवान्थियाचा नवरा थानासिस मला घेऊन बाहेर गेला. परक्याचा वाटा परातीतूनच द्यायचा, ताटलीत नाही, असा त्या घरचा रिवाज. पोरानं उभ्या उभ्या खाल्ला. थानासिसनं नाव विचारलं. त्यानं सांगितलं ते कुणाच्या जिभेवर बसेना. थानासिस म्हणाला, जाऊ दे, तू लेफ्तेरी. झालं, तो लेफ्तेरी झाला. पुढे आमच्या शेळ्या राखायला लागला आणि गोठ्याजवळच्या दगडी खोलीत राहिला. चीजही तोच लावायला लागला.

वर्षं गेली. मुलगा स्ताथिस जर्मनीला गेला. थानासिस वारला. गावात नऊ घरांतून धूर निघायचा, बाकीच्यांना कुलपं. एवान्थिया एकटी राहिली. तरी दर वर्षी पोळी पूर्ण घराची करायची, नवऱ्याचा वाटासुद्धा काढायची. ते वाटे टेबलावर सुकत राहायचे आणि ती एकेक करून आठवडाभर दुधात बुडवून खायची. मी सगळं बघत होते, पण परातीनं काय करावं?

आणि मग ते वर्ष आलं, ज्याच्यासाठी मी एवढं बोलते आहे. चार वर्षांनी स्ताथिस येणार होता, बायकोमुलीला घेऊन. एवान्थियानं पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं. आदल्या दिवशी फोन आला की मुलीला ताप आहे, येता येत नाही. ती फोनवर हसून म्हणाली, अरे पोरीला जप, माझं काय. फोन ठेवला आणि ऊन दाखवलेल्या गाद्या गुंडाळून ठेवल्या. सण गावात आला होता, पण आमच्या घरात काही तो शिरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं एकटीनं पोळी कापली. भिंतींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं नावं घेतली. शेवटच्या वाट्याला सुरी टच्च करून थांबली. नाणं होतं. परक्याच्या वाट्यात!

माझ्या जन्मात असं पहिल्यांदाच झालं. पण तिची सासू सांगायची ते तिलाही आठवलं, मलाही. नाणं परक्याच्या वाट्यात निघालं, तर सूर्य बुडायच्या आत तो वाटा परक्याच्या हातावर पडलाच पाहिजे, नाहीतर घरचं भाग्य उंबरठा ओलांडून निघून जातं. आता तिच्या घरात भाग्य म्हणावं असं उरलं होतं काय? पण जे होतं तेही जाईल, ही भीती होतीच. एक फोन तेवढा येत होता, तोही बंद पडला तर? बाकीचे वाटे तिनं ताटल्यांत ठेवले. परक्याचा तेवढा माझ्यात ठेवला, वर फडकं झाकलं, आणि मला कडेवर घेऊन ती परका शोधायला निघाली.

शेजारची पोलिक्सेनी जिभेची तिखट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नऊ घरांचं गाव आपलं. इथे परका हवा असेल तर पोस्टानं मागवावा लागेल, बाई." कॉफीवाला फोतिस म्हणाला, मलाच परका समज, मी तोंड फिरवून बसतो. एवान्थियाला क्षणभर मोह झाला, पण नाण्याला फसवायचं कसं? प्रत्येकजण दुसऱ्याचं दार दाखवत होता. प्रत्येकाच्या आत टेबल मांडलेलं होतं, तिला मात्र कुणी आत ये म्हणालं नाही. तिनंही बसते म्हटलं नाही. आमच्या गावाची ही खोड आहे, हा बोलावण्याची वाट बघतो आणि तो विचारण्याची, मग दोघंही आपापल्या घरी.

मग तिला लेफ्तेरी आठवला. अगं बाई, परका तर आपल्याकडेच आहे! ती झपाझप चढ चढली. तो गोठ्याबाहेर शेळ्यांना पाला टाकत होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस होते.

"घे रे," ती धापा टाकत म्हणाली, "परक्याचा वाटा आहे. नाणं निघालंय आत. नशीब काढलंस."

त्यानं हात पुसले, फडकं उचललं आणि माझ्यात बघत राहिला.

"कुणाचा म्हणालात, मावशी?"

"परक्याचा. पहिल्या वर्षी नाही का खाल्लास?"

"खाल्ला. तेव्हा परकाच होतो, आणि भूक होती. थानासिसकाकांना अजून दुवा देतो मी." तो शांतपणे बोलत होता. "पण यातलं चीज मी लावलेलं. भट्टीतली लाकडं मी फोडलेली. काकांना खांदा मी दिला. बावीस वर्षांनंतरही माझा वाटा परक्याचाच असेल, तर नको मला, मावशी."

फडकं त्यानं होतं तसं झाकलं आणि शेळ्यांकडे वळला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी पातेल्यांची, झाऱ्यांची भांडणं ऐकलेली परात आहे, आवाजाला भीत नाही. पण त्याचं ते हळूच झाकणं मला फार लागलं. एवान्थिया मला कडेवर घेऊन उतरली.

घरी येऊन ती शेगडीजवळ बसली. शेजारी सरपणाची रास होती. तिच्या हाताला झेपतील अशाच जाडीची लाकडं, साल खाली करून, एकावर एक नीट रचलेली. कुणी सांगितलं होतं त्याला असं रचायला? ती त्या राशीकडे बघत राहिली. तिला शेळ्यांची नावं पाठ होती, अगदी मेलेल्यांचीसुद्धा.

"देवा," ती म्हणाली, "मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही."

सूर्य कड्यावर टेकत आला होता. ती उठली. घराचा वाटा तिनं माझ्यात परक्याच्या वाट्याशेजारी ठेवला, शाल घट्ट केली आणि पुन्हा चढायला लागली. दोनदा वाटेत बसली. या वेळी तिनं अंगणातून हाक मारली नाही. खोलीच्या दाराशी जाऊन कडी वाजवली, चारचौघांच्या दारी वाजवतात तशी.

त्यानं दार उघडलं. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "नाव सांग."

"लेफ्तेरी."

"ते आम्ही ठेवलं. तुझ्या आईनं ठेवलेलं सांग."

"पेत्रित," तो म्हणाला.

ती आत आली, मला त्याच्या खाटेवर ठेवलं, घराचा वाटा हातात घेतला आणि मधोमध मोडला. घराचा वाटा घरच्या माणसांनी खायचा असतो. तिनं मोठ्यानं नाव घेतलं, "पेत्रित." जीभ अडखळली, म्हणून पुन्हा घेतलं. अर्धा त्याच्या हातावर ठेवला, अर्धा स्वतःला ठेवला. "मला आधी सुचायला हवं होतं रे," ती म्हणाली. पेत्रितनं मान खाली घालून तो तुकडा खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी इतकी जवळ होते की त्यातला एक थेंब माझ्या काठावर पडला.

पण परक्याचा वाटा तसाच होता, आणि खिडकीतलं ऊन पिवळं झालं होतं. एवान्थिया म्हणाली, जाऊ दे, भाग्य जायचं तर जाईल. पेत्रितनं एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

"मावशी, बावीस वर्षांत या खोलीत तुम्ही कितीदा आलात?"

तिनं आठवून बघितलं. "आजच येते आहे."

"मग आज माझ्या दारात परकं कोण आलंय?"

आणि त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि रीतसर तिच्यासमोर धरलं. एवान्थिया आधी हसली, मग रडली, मग वाटा उचलून खायला लागली. नाणं तिच्या कवळीवर खट्‌कन वाजलं. पेत्रितनं चहाचं आधण ठेवलं. तिकडे कड्यामागे सूर्य बुडाला आणि सण, मित्रांनो, त्या शेळ्यांचा वास येणाऱ्या खोलीत शिरला.

त्यानंतर चार वर्षं दोघांनी पोळी एकत्र कापली. पाचव्या वर्षी ती कापायला उरली नाही. स्ताथिस आला, घराला कुलूप लावलं आणि पेत्रितला विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? पेत्रितनं मला मागितलं. स्ताथिसला वाटलं असेल, एवढं घर पडलंय आणि हा पोचे पडलेली परात मागतो.

म्हणून आता मी या खोलीतल्या खिळ्याला असते. पेत्रित मला यानिनाला नेऊन कल्हई करून आणतो. पण खरं सांगू? उरलेले तीनशे चौसष्ट दिवस इथेही लांबच असतात. तो दिवसभर शेळ्यांमागे असतो आणि मी भिंतीशी बोलते. नवीन वर्षाला तो पोळी करतो. ख्रिस्ताचा वाटा पहिला काढतो, स्वतःचा धर्म वेगळा असला तरी मावशीची रीत होती म्हणून. मग घराचा. मग नाव घेतो, "एवान्थियामावशी." तो वाटा कुणी खात नाही.

मित्रांनो, तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली की आतलं अन्न कळकतं, आणि बाहेरून काही कळत नाही. माणसांचंही तसंच होतं. तेव्हा सणाच्या दिवशी दानधर्माला जरूर निघा, पण उंबरठा ओलांडण्याआधी घरातल्या सरपणाकडे एकदा बघा, ते कुणी फोडलंय. त्याला नाव असतं. ते विचारून घ्या, आणि जमलं तर त्याच्या दारी जाऊन कडी वाजवा.

आज वसिलीचा दिवस आहे. पोळी कापून झाली, परक्याचा वाटा माझ्यात झाकून ठेवलाय. गावात आता दोनच घरांतून धूर निघतो. पायवाटेवर काठीचा आवाज येतो आहे, पोलिक्सेनीच असणार. गेल्या वर्षीसारखीच कडी वाजवेल आणि म्हणेल, "दार उघड रे पेत्रित, परकी आली आहे."