सोळा की सतरा

मामांच्या हिजामाच्या, म्हणजे कप लावून रक्त काढण्याच्या खोलीत भाचा उपाशीपोटी, शर्ट काढून पालथा पडला होता. तो बस चालवायचा. चार दिवसांपासून त्याची मान उजवीकडे वळत नव्हती आणि उद्या पहाटे त्याला पंधरा दिवसांच्या लांबच्या फेरीवर निघायचं होतं.

मामांनी कप मांडले, पातं उघडलं आणि सहज विचारलं, “आज चांदाची सतरावी ना?”

“आईनं तसंच सांगितलंय.”

मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तिथे सोळावी होती. बहिणीच्या, म्हणजे भाच्याच्या आईच्या, मोहल्ल्यातल्या मशिदीनं चंद्र एक दिवस आधी दिसल्याचं मानलं होतं. रक्त काढायला मामा सतरा, एकोणीस, एकवीस याच तारखा धरत.

“मग उद्या करू.”

“उद्या आईच्या हिशेबानं अठरा. आणि मी गाडीवर.”

मामा घुटमळले. चंद्र एकच आहे, एवढंच त्यांना नक्की ठाऊक होतं.

“मान न वळवता चालवशील कशी?”

“आरशात बघेन.”

“मागे पन्नास माणसं, आणि हा आरशात बघणार,” मामा पुटपुटले. त्यांनी पहिला कप लावला.

“मामा, तारीख कोणती धरली?”

“तुझ्या आईची. बरोबर आहे का, विचारू नकोस. हलूही नकोस.”