माझ्या पोटातला चमचा

मी एक जुना अँप आहे, मित्रांनो. फोनमधलं ॲप नव्हे. गिटारची वायर ज्यात खुपसली की शेजारी दार वाजवायला येतात, तो लाकडी खोका. वजनाला भारी, दिसायला साधा, आवाजाला एक नंबर. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात. पण माझं कामच मोठ्याने बोलायचं आहे, त्याला मी काय करू?

सध्या मी मेलबर्नच्या उत्तरेला क्रेगीबर्नमध्ये राहतो. मराठी घरात. टीव्हीच्या शेजारी. इथवर कसा आलो ते सांगतो.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेला झाला. कारखान्यात नाही, रेडिओ रिपेअरच्या दुकानामागच्या एका शेडमध्ये. एकच माणूस, एकच सोल्डरिंग आयर्न आणि मरणाची थंडी. त्याने माझ्या आत काचेचे व्हॉल्व्ह बसवले. ते तापले की नारिंगी उजेड पडतो. त्या उजेडावर तो माणूस आधी हात शेकायचा आणि मग पुढचं काम करायचा.

मला घेतलं डेरेक नावाच्या पोराने. तो बस डेपोत काम करायचा. त्याचे तीन मित्रही तिथलेच. डेपोच्या कँटीनमागे एक खोली होती, तिथे चौघं ड्यूटी संपली की वाजवायचे. सुरुवातीला इतकं वाईट वाजवायचे की कँटीनमधली मेबल मावशी म्हणायची, "पोरांनो, बसचे ब्रेक याहून बरे वाजतात."

त्या खोलीत एक गंमत होती. मी चालू असताना कुणी चहाची केटल लावली की फ्यूज उडायचा. फटाक. अंधार. म्हणजे एक तर चहा, नाही तर गाणं. इंग्रज माणसाला चहा सोडायला लावणं सोपं नसतं, मित्रांनो. पण ते चौघं दर वेळी गाणंच निवडायचे. केटल बिचारी गार पडून राहायची. म्हणून बँडचं नाव ठेवलं 'कोल्ड केटल'. थोडक्यात, नाव माझ्यामुळे पडलं. हे कुठल्याच मासिकात छापून आलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

आता मुख्य गोष्ट. एकदा डेरेक माझ्या डोक्यावर कप ठेवून गार चहा ढवळत होता. ड्रमवाल्याने मागून ड्रमवर काठी हाणली, डेरेक दचकला आणि मेबल मावशीचा जाडजूड चमचा माझ्या पाठीमागच्या जाळीतून आत पडला. स्पीकरच्या खाली फटीत जाऊन बसला. पुढचा सूर वाजला आणि त्याच्याबरोबर आतून काहीतरी झिणझिणलं. "झ्झिन्न!"

डेरेक चमचा काढायला वाकला. गाणारा ओरडला, "हात लावू नकोस! परत वाजव!"

परत वाजवलं. चौघं एकमेकांकडे बघत राहिले. तो आवाज दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. त्यांनी चमच्याचं नाव 'मेबल' ठेवलं आणि शपथ घेतली की हे कुणालाच सांगायचं नाही. मेबल मावशी मात्र कितीतरी दिवस चमचा शोधत होती.

मग आमची गाडी सुटली. आधी पब, मग हॉल, मग रेडिओ. 'वेट कोट' नावाचं गाणं आलं आणि सगळीकडे तोच झिणझिणाट. लोक विचारायचे, हा आवाज येतो कुठून? कुणी म्हणायचं खास तारा आहेत. कुणी म्हणायचं स्टुडिओची कमाल. मी आतल्या आत हसायचो. विमानात बसलो, जहाजात बसलो, हजारो माणसांसमोर उभा राहिलो. माझ्यावर बियर सांडली, एकदा एक चप्पलही आली. सगळं पचवलं. मी चांगला होतो, मित्रांनो. खोटं कशाला बोलू?

बँड फुटला तो मेलबर्नमध्ये. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचा शेवट होता. भांडण कशावरून, तर हॉटेलच्या खोलीत खिडकीजवळ कोण झोपणार. मोठमोठे बँड असल्याच गोष्टींवरून फुटतात. तिघं घरी परत गेले. डेरेक इथल्या एका मुलीच्या प्रेमात पडला होता, तो राहिला. डँडेनॉन्गच्या एका फॅक्टरीत कामाला लागला, लग्न केलं आणि मला गॅरेजमध्ये ठेवलं. वरून एक चादर घातली.

आधी तो रविवारी यायचा. मग सणासुदीला. मग त्याची बोटं सुजायला लागली. शेवटी कॉफीचा कपही दोन हातांनी धरायला लागला, आणि गॅरेजमध्ये यायचाच बंद झाला. बाहेर मात्र आमचं नाव चालूच होतं. जगभरातली पोरं 'कोल्ड केटलचा आवाज कसा काढायचा' म्हणून व्हिडिओ टाकत होती. महागडी यंत्रं विकत घेत होती. आणि मी इथे चादरीखाली, गवत कापायच्या मशीनच्या शेजारी.

असला एक व्हिडिओ पुण्यात हॉस्टेलवर बसून सलिल बघायचा. शंभरदा बघितला असेल. पुढे तो इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आला, मग आयटीत लागला आणि क्रेगीबर्नला मोठ्या भावाकडे राहायला लागला. एक दिवस त्याला नेटवर जाहिरात दिसली. जुना अँप, फुकट, डँडेनॉन्गहून स्वतः येऊन न्या. तो भावाची गाडी घेऊन आला. गॅरेजचं दार वर गेलं, चादर निघाली, आणि मागच्या भिंतीवरचं कोल्ड केटलचं जुनं पोस्टर बघून तो मटकन खालीच बसला.

"तुम्ही ते डेरेक?"

"ते वगैरे काही नाही, मेट. नुसता डेरेक."

डेरेकची मुलगी त्याला पर्थला घेऊन चालली होती, स्वतःकडे. घर विकलं होतं. पुढच्या सोमवारचं विमान. तिथे माझ्यासाठी जागा नव्हती.

"पैसे नकोत मला," डेरेक म्हणाला. "फक्त एकदा लोकांसमोर वाजव. मला याचा आवाज एकदा ऐकायचाय. मग मी जायला मोकळा."

"शनिवारी आमचा गणपतीचा प्रोग्राम आहे," सलिल म्हणाला. "आमचा बँड वाजवणार आहे. तुम्ही या."

"जेवण असतं?"

"भरपूर."

"मग येतो."

त्याने चमच्याबद्दल काही सांगितलं नाही. शपथ होती ना. आणि इतकी वर्षं मुक्काम केलेला चमचा कुणी बाहेर काढेल, असं त्याच्या मनातही आलं नसेल. पण त्याला आपली मराठी माणसं कुठे माहीत होती?

सलिलचा भाऊ गुरुदत्त, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. घरात आलेली कुठलीही वस्तू तो आधी उघडतो. नवी असली तरी उघडतो. त्याने मला मागच्या अंगणात टेबलावर ठेवलं आणि स्क्रू काढले.

"दादा, चालू आहे रे तो. कशाला उघडतोस?" सलिल म्हणाला.

"चालू आहे म्हणून काय सर्व्हिसिंग करायचं नाही? तू दात घासतोस ना रोज?"

खरं सांगतो, त्याने काम झकास केलं. धूळ काढली, जुने पार्ट बदलले, वायरी नीट बांधल्या. इतकं प्रेमाने मला वर्षानुवर्षं कुणी हाताळलं नव्हतं. मी सुखावलो होतो. तेवढ्यात त्याचा हात स्पीकरखाली गेला.

"अरे! आत चमचा! कसला निष्काळजी माणूस. मेटल आहे, उद्या शॉर्ट झालं म्हणजे?"

मी बोंब मारली असती, मित्रांनो. पण प्लग काढलेला होता.

त्याची बायको लीना बाहेर आली. "बघू. अगंबाई, काय जड आहे! असे चमचे मिळतात कुठे आता? टाकू नकोस हं."

आणि मेबल घासून, पुसून, साखरेच्या डब्यात गेली.

सलिलने घरात मला वाजवून बघितलं. पुन्हा एकदा वाजवलं. मग म्हणाला, "आवाज कमी ठेवलाय म्हणून असेल." शेजारी रागावतात म्हणून घरात मोठ्याने वाजवता येत नाही. त्यामुळे काय हरवलंय ते शनिवारपर्यंत कळलंच नाही.

शनिवार. क्रेगीबर्नचा कम्युनिटी हॉल. पुढे गणपती, मागे किचन, मधे खुर्च्या आणि खुर्च्यांच्या मधून पळणारी पोरं. मंडळाचा कार्यक्रम मुरलीधरकाकांच्या हातात. त्यांनी सलिलला आधीच बजावलं होतं, "आरती झाली की चहा. त्या दोघांच्या मधे मी कुणालाही येऊ देत नाही. तुमचं ते रॉक नंतर, आणि बेताने. मागच्या वर्षी माझ्या आईचं श्रवणयंत्र बंद करायला लागलं होतं."

दुपारी सगळे जेवत असताना सलिलने मला स्टेजवर लावलं. डेरेक पहिल्या रांगेत, मांडीवर मोदकाची प्लेट. सलिलने 'वेट कोट'ची सुरुवात वाजवली.

स्वच्छ आवाज. सुंदर, गुळगुळीत, धुतलेल्या ताटासारखा. माझा नव्हेच तो.

सलिलने पुन्हा वाजवलं. जोरात. तेच. त्याचे कान लाल झाले. त्याने डेरेककडे बघितलं. डेरेकच्या हातातला मोदक तसाच राहिला होता.

"मेबल कुठे आहे?" तो म्हणाला.

"कोण मेबल?"

डेरेक हळूहळू उठला, स्टेजपाशी आला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. "आत चमचा होता, मेट. तोच तर आमचा आवाज होता." इतक्या वर्षांची शपथ त्या क्षणी मोडली. मग एकदम थकल्यासारखा म्हणाला, "जाऊ दे. तुला काय माहीत. सोमवारी चाललोच आहे मी."

गुरुदत्त मागेच उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना. "मी काढला तो," तो म्हणाला. "मी सर्व्हिसिंग..."

सलिल किचनकडे पळाला. "वहिनी! त्या दिवशीचा चमचा! कुठे टाकलास?"

"टाकला? मी कधी काही टाकते का?" लीनाने साखरेचा मोठा डबा पुढे केला. मंडळाच्या चहाची साखर तिच्याकडेच होती. "हा काय. सकाळपासून यानेच साखर घालतेय."

असं आहे बघा, मित्रांनो. दुसरं कुठलंही घर असतं तर मेबल कचऱ्यात गेली असती. काही न टाकणाऱ्या बाईमुळे मी वाचलो.

डेरेकने चमचा हातात घेतला. बोटं नीट वळत नव्हती, पण जागा त्यालाच माहीत होती. गुरुदत्तने त्याचं मनगट खालून धरलं. मेबल जाळीतून आत गेली, फटीत बसली. सलिलने तार छेडली.

झ्झिन्न!

अख्खा हॉल वळला. सलिलने सुरुवात घेतली, आणि त्यांच्या बँडची गायिका निहारिका त्यांचं स्वतःचं मराठी गाणं त्याच्यावर गायला लागली. ताटं हातात धरून लोक स्टेजकडे सरकले. किचनमधून मुरलीधरकाका तणतणत बाहेर आले. "अरे, कार्यक्रमाच्या आधीच..." आणि थबकले. मान तिरकी करून ऐकायला लागले.

"आत टाळ कोण वाजवतंय?"

"कुणी नाही, काका. चमचा आहे."

"चमचा नाही रे. टाळच आहे तो. ऐक की!"

आणि फटाक. सगळं बंद. मी बंद, स्टेजचे दिवे बंद. किचनमधून लीनाचा आवाज आला, "अहो काका, चहाचं पिंप बंद पडलं!"

गुरुदत्त धावला. परत आला तेव्हा कपाळाला हात लावून होता. "स्टेज आणि किचन एकाच लाइनवर आहे. काकांनी चहाचं पाणी उकळायला लावलं आणि ट्रिप झालं. दोन्ही एकदम चालणार नाही. एक तर चहा, नाही तर अँप."

दीडएकशे मराठी माणसं, जेवण झालेलं, आणि चहाची वेळ. मित्रांनो, मी जगभर फिरलोय, पण एवढं कठीण पब्लिक मला कुठेच भेटलं नव्हतं. सगळे काकांकडे बघत होते. सलिल तर तारेवरून हातसुद्धा काढत नव्हता.

काकांनी डेरेककडे बघितलं. मग सरळ किचनमध्ये गेले आणि पिंपाचा प्लग खेचून काढला. बाहेर येऊन म्हणाले, "चहा राहू दे. टाळ वाजू दे."

डेरेक हसायला लागला. इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काय झालं? मलाच माहीत होतं. तो कँटीनमागच्या खोलीत जाऊन पोचला होता.

मग मी वाजलो. असा वाजलो, असा वाजलो की काकांच्या आईंनी श्रवणयंत्र बंद केलं नाही, उलट वाढवलं.

सोमवारी डेरेक पर्थला गेला. आता तो शनिवारी सलिलला फोन करतो आणि फोन माझ्यासमोर धरायला सांगतो. नुसता ऐकत बसतो. गुरुदत्तने माझ्या पाठीवर एक पट्टी चिकटवली आहे: आतलं काहीही काढू नये. खाली इंजिनिअरची सही. लीनाने साखरेच्या डब्यासाठी दुसरा चमचा आणला, तो तिला अजून पसंत नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू आली तर तिला जरूर पुसा, तेलपाणी करा. काळजी घेतलेली आम्हाला आवडतेच. पण आतलं काही उपटून फेकायच्या आधी, ज्याने तिच्याबरोबर आयुष्य काढलंय त्याला एकदा फोन करा. तुम्हाला जो कचरा वाटतो, तोच कदाचित तिचा आवाज असेल. आणि त्या आवाजासाठी कधी चहा गार झाला, तर होऊ द्या. आमच्या बँडचं नाव त्यातूनच झालं होतं.

मेबलला थोडी साखर अजून चिकटलेली आहे. डेरेक म्हणाला, राहू दे.

राहू दिली आहे.