जिन्याचा गृहपाठ

आमच्या मुख्याध्यापिका सुट्टी लागली की विचार करायला लागतात आणि त्याचा त्रास आम्हाला होतो. यंदा त्यांनी गृहपाठाचा विचार केला. मुलांचा जीवशास्त्राचा गृहपाठ आम्हालाच करावा लागतो, अशी गेल्या वर्षी पालकांची तक्रार होती म्हणे. झालं, फर्मान निघालं. नववीचं वर्षभराचं नियोजन शाळा उघडायच्या आधी द्यायचं. एका रकान्यात वर्गपाठ, दुसऱ्यात गृहपाठ, तिसऱ्यात लागणारा वेळ. तो वेळही मनाने लिहायचा नाही. जीवशास्त्राशी ज्याचा काही संबंध नाही अशा घरातल्या माणसाकडून प्रत्येक गृहपाठ करून घ्यायचा, वेळ मोजायचा आणि नमुना सोबत जोडायचा. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

असा माणूस म्हणून मी आधी नवऱ्याकडे पाहिलं. "शाळेत असताना केला नाही, तो आता करू?" असं म्हणून तो मोकळा झाला. राहिले सासरे.

सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान आता त्यांच्या शिष्याकडे आहे, पण रोज संध्याकाळी तीन मजले उतरून हे तिथे जातात, तासभर डोळ्याला भिंग लावून बसतात, शिष्याच्या चुका काढतात आणि तीन मजले चढून परत येतात. त्या तासाभरावर त्यांचा उरलेला दिवस चालतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. नवरा कधीपासून मागे लागला होता, की या वयात जिना पुरे. शेवटी जेवताना तह झाला आणि मला साक्षीदार केलं: ज्या दिवशी धाप लागेल त्या दिवसापासून जिना बंद.

"धाप? मला?" सासरे मुलाला म्हणाले होते. "तुलाच लागते, चार पिशव्या आणल्यास की."

तर असे हे आमचे विद्यार्थी. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. "बाई, पेन विसरलो." "बाई, बाहेर जाऊ?" स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून बसत आणि मी फोडणी देत असताना शंका विचारत. कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र त्यांनी इतकं रेखीव काढलं की ते बघून मुलांनी हातच टेकले असते. ओल्या कापसातल्या वालाला मोड आला तेव्हा शेजारणीला बोलावून दाखवला.

पावाच्या बुरशीपाशी मात्र गाडी अडली. पावाचा तुकडा डब्यात ठेवून पाच दिवस त्याचं निरीक्षण लिहायचं होतं. चौथ्या दिवशी मी डबा उघडला तर पाव स्वच्छ. यांनी बुरशी सुरीने खरवडून काढली होती.

"बाबा, अहो, बुरशीच तर बघायची होती!"

"बिघडलेली वस्तू बघवत नाही गं. हात शिवशिवतात."

मी हसून हसून बेजार झाले. रात्री नवऱ्यालाही सांगितलं. हसण्यावारी नेलं नसतं तर तेव्हाच काही कळलं असतं, पण कुणाला माहीत होतं?

अकरावा गृहपाठ नाडीचा होता. मनगटावर बोटं ठेवून बसल्या जागी एक मिनिट ठोके मोजायचे, जिना चढून आल्यावर पुन्हा मोजायचे, पाच मिनिटं थांबून परत एकदा. असे सात दिवस. मला वाटलं, हा तर यांच्या घरचाच गृहपाठ, जन्मभर टिकटिक ऐकलेला माणूस.

आठव्या दिवशी तक्ता माझ्या हातात आला. सोमवार: ७२, ९६, ७२. मंगळवार: ७२, ९६, ७२. असं रविवारपर्यंत. एकाच शाईने, एका ओळीत, सुबक.

अठरा वर्षं मी मुलांच्या वह्या तपासते आहे. सात दिवसांचा गृहपाठ सातव्या दिवशी सकाळी दात घासता घासता लिहिला की असाच दिसतो. जिवंत माणसाचे आकडे एवढ्या शिस्तीत उभे राहत नाहीत. एक दिवस जास्त, एक दिवस कमी, एक दिवस मोजायलाच विसरलेलं असतं. मी लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: पुन्हा करा.

सासऱ्यांचा चेहरा पडला. मग तीन दिवस नववीतल्या कुठल्याही मुलाला शोभतील अशा सबबी झाल्या. तक्ता आखायला पट्टी नाही. आज गुडघा दुखतोय. शिष्याकडे गर्दी होती, मोजायचं राहिलं. मला मजा वाटत होती. चौथ्या दिवशी मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "आता मात्र पालकांना बोलवावं लागेल. येऊ देत तुमच्या मुलाला घरी."

"त्याला नको," ते म्हणाले. थट्टेत नाही. आवाज अगदी लहान झाला होता. "त्याला सांगू नकोस, पोरी."

माझं हसू तिथेच थांबलं.

ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि सुट्या काट्यांचा नि स्क्रूंचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता. पहिला तक्ता. खरा. सोमवार: बसून ६८, मध्ये दोन ठोके गळले. चढल्यावर ११८. मंगळवार: दुसऱ्या मजल्यावर बसलो, मोजता आलं नाही. बुधवार: बसून ७४, ठोका पुढेमागे पडतो. गुरुवार: दोनदा बसलो. शुक्रवारच्या ओळीत आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं: भीती वाटली.

"पन्नास वर्षं ठोका ऐकला मी," सासरे म्हणाले. "माझा चुकतोय ते मला कळणार नाही? पण कळलं म्हणून सांगायचं कसं? तो जिना बंद करेल. मग मी खिडकीशी बसून काय मोजू? हे आकडे खोटे नाहीत गं. दुरुस्त केलेत फक्त."

"आकडे कसले दुरुस्त करता, बाबा? दुरुस्ती कुणाची करायला हवी ते कळत नाही?" मी ओरडलेच. सासऱ्यांवर आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. राग होता, त्याहून जास्त भीती होती आणि सगळ्यात जास्त लाज वाटत होती. संध्याकाळी शीळ घालत घरात शिरणारा हा माणूस दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून श्वास गोळा करून येत होता आणि मला त्याचं फक्त अक्षर दिसलं.

नवऱ्याला मीच सांगितलं, ओरडायचं नाही या अटीवर. त्याने अट पाळली, पण जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांकडे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "हे कुणी करून घेतलं?"

"आमच्या बाईंनी," सासरे म्हणाले.

"माझं निम्मं काम झालंय. अजून महिनाभर लपवलं असतं तर अवघड होतं." मग तपासण्या झाल्या, गोळ्या लिहून दिल्या. जिना दिवसातून एकदा, प्रत्येक मजल्यावर थांबून. नवऱ्याने तोंड उघडलं तसे डॉक्टर म्हणाले, "बंद म्हटलं नाही मी. थांबून म्हटलं."

दुसऱ्या मजल्यावर आम्ही एक स्टूल ठेवलं. शेजारीण त्याच्यावर भाजीच्या पिशव्या ठेवते. पण सासऱ्यांची वेळ झाली की उचलते.

नियोजनाला मी खराच कागद जोडला, सासऱ्यांना विचारून. मुख्याध्यापिकांनी शेरा मारला: नमुना अस्वच्छ, आकडे अपूर्ण, दुसरा जोडावा. मी दुसरा जोडला नाही. वेळेच्या रकान्यात 'अकरा दिवस' लिहिलं आणि गृहपाठाखाली एक ओळ वाढवली: जे मोजाल तेच लिहा, मोजता आलं नाही तर का ते लिहा. कुरकुर करत त्यांनी सही केली.

सासऱ्यांनी वही पुढे केली. "बाई, गुण?"

मी दहापैकी नऊ दिले.

"एक का कापला?"

"उशिरा दिलात."

त्यांनी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि दुकानात गेले. मी कणीक मळायला घेतली, पण लक्ष सगळं दाराकडे. तासाभराने जिन्यात पावलं वाजली. पहिला मजला. मग दुसरा. मग पावलं थांबली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात हाक आली:

"बाई! धाप लागलीय!"

मी कणकेच्या हातांनीच दाराबाहेर आले. "बसा तिथेच!" मी वरून ओरडले. "आणि लिहून ठेवा!"