निळ्या पेशी

पेशी जिवंत आहेत की नाहीत, हे मी आधी मोजायला हवं होतं. नवखे विद्यार्थीसुद्धा ते मोजतात. पण रानवेलीच्या पानांचा अर्क घातल्यावर रोगप्रतिकारक पेशींमधून सूज वाढवणारं रसायन बाहेर पडणं जवळजवळ बंद झालं, आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्याच संध्याकाळी घरी शेखी मिरवली.

ताईच्या बोटांचे सांधे चार वर्षं सुजतायत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून तीच पानं उकळून प्यायला लागली. मला कळलं, पण मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर सुखावलेच.

आज आमच्या बाईंनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, निळा रंग घालून पुन्हा बघायला सांगितलं. मेलेली पेशी हा रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही. कुरकुरतच मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळं निळं. दुसरी काचपट्टी, तिसरी, निळीच. अर्कानं सूज थांबवली नव्हती, पेशीच मारल्या होत्या. बाई म्हणाल्या, होतं असं, मात्रा कमी करून पुन्हा कर. माझ्या तोंडचं पाणी का पळालंय, ते त्यांना कुठून कळणार?

ताई फोन उचलेना. सातदा लावला. बसची वाट बघवेना, म्हणून अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट चालतच सुटले. सिग्नलला थांबले की पाय नुसते चुळबुळत होते. स्वतःची अशी चीड आली होती की बोलायची सोय नाही.

ताई स्वयंपाकघरात बसली होती, फोन समोरच, हात टॉवेलखाली. मी टॉवेल ओढला. बोटं लाल, टम्म फुगलेली, एकही मिटत नव्हतं.

"किती दिवस झाले?"

"आठेक. आज तर फोनही धरवेना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस गं. म्हटलं, माझ्यामुळे तुझ्या औषधाला बोल नको."

माझं चुकलं, असं मी तिला सरळ सांगितलं. डॉक्टरांना फोन लावला. आधीचीच गोळी लगेच द्या आणि उद्या घेऊन या, असं ते म्हणाले. गोळी फोडून मी तिच्या तोंडात घातली, पेला तिच्या ओठांना लावला. मला रडू फुटणार, तेवढ्यात घोट गिळून तिनं विचारलं, "प्रयोग परत करू देतील ना गं तुला?"